डाव कोणाचा, वाटा कोणाचा

(ब्राह्मणपुरी, ता. शहादा, जि. नंदुरबार येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'मोबाइलवरचा पैशांचा खेळ' असे कळवले. स्मृतिव्याख्यानाला हा विषय शोभेल का, अशी शंका काहींना आली. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते गुरुजी गणित शिकवत. गावातल्या माणसाला सावकाराची वही स्वतः वाचता आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. मीही आयुष्यभर गणितच शिकवले. म्हणून आज नीतीचा उपदेश बाजूला ठेवतो आणि फक्त हिशेब मांडतो. या धंद्यात पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, ते बघू.

सुरुवात कापसापासून करतो, कारण कापूस आपल्या शिवारात पिकतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मुंबईत एक सट्टा जोरात होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, हे आकडे टेलिप्रिंटरवरून मुंबईला येत आणि त्यांच्यावर लोक पैसे लावत. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले. १९६१च्या सुमारास न्यूयॉर्कहून येणारे आकडे बंद झाले. सट्टा बंद पडायला हवा होता, पण तो वाढला. कच्छमधून मुंबईत आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२मध्ये वरळीत स्वतःचेच आकडे काढायला सुरुवात केली. दोन वर्षांनी रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका काढला. आधी मडक्यातून चिठ्ठ्या निघत, पुढे पत्त्यांच्या कॅटमधून तीन पाने काढून त्यांची बेरीज करायची आणि तिचा शेवटचा अंक जाहीर करायचा, अशी रीत पडली. कापूस गेला, बाजार गेला, माल म्हणून काहीच उरले नाही. तरी धंदा चालला, आणि मुंबईतून निघून तालुक्या-तालुक्यातल्या टपरीमागे पोहोचला.

का चालला, ते फळ्यावरच्या गणिताइतके सोपे आहे. एकेरी आकड्याला शून्य ते नऊ अशा दहा शक्यता, आणि चालू भाव नऊ पट. दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले, तर शंभर जमा होतात. ज्याचा आकडा लागला त्याला नव्वद मिळतात. दहा रुपये मटकेवाल्याचे. दोन अंकांच्या जोडीला शंभर शक्यता, भाव नव्वद पट. तिथेही शंभरातले दहा त्याचेच. आकडा कुठलाही फुटो, चालवणाऱ्याला आकडा ओळखावा लागत नाही. त्याला फक्त डाव चालू ठेवायचा असतो.

हे दहा रुपये लक्षात ठेवा. पुढचे सगळे व्याख्यान त्यांच्याभोवतीच आहे.

आता कायद्याकडे वळतो. जुगाराला आळा घालणारा आपला मूळ कायदा १८८७चा, मुंबई इलाख्याचा. आजही महाराष्ट्रात तोच आहे. अड्डा चालवणे, अड्ड्यावर सापडणे हा त्यात गुन्हा. पण निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, असे त्यातच एक कलम आहे. त्या कलमाचे पुढे काय झाले, ते समजायला आधी बंगळुरूची एक गोष्ट ऐकली पाहिजे.

आर. एम. डी. चमारबागवाला यांची शब्दकोड्यांची स्पर्धा चालत असे. कोडे सोडवा, प्रवेश फी भरा, बक्षीस मिळवा. मुंबई राज्याने १९४८च्या कायद्याने अशा स्पर्धांवर परवाना आणि कर बसवला. तेव्हा कोडे छापणारे 'स्पोर्टिंग स्टार' हे पत्र बंगळुरूहून निघत होते आणि मुंबई राज्यात मोठ्या प्रमाणावर खपत होते. फी भरणारे लोक आपले, पैसे गोळा करणारी माणसे इथली, पण छापखाना म्हैसूर राज्यात. मग मुंबई सरकारने १९५२मध्ये बाहेरून येणाऱ्या पत्रांनाही कायद्याच्या कक्षेत आणले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल लागला. जुगार म्हणजे व्यापार नव्हे, व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण त्याला मिळणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. इथपर्यंत ठीक. पण त्याच दिवशी, त्याच पक्षकाराच्या दुसऱ्या खटल्यात, न्यायालयाने असेही म्हटले की ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे, ती जुगार नाही आणि तिला संरक्षण आहे.

पुढची साठ-पासष्ट वर्षे प्रत्येक कंपनीचा वकील हीच दुसरी ओळ घेऊन न्यायालयात उभा राहिला.

१९६७मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. तिथे रमी चालत होती. तीन पत्ती निव्वळ नशिबाची, पण रमीत कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते, पान ठेवायचे की टाकायचे याची अक्कल लागते, म्हणून रमी प्रामुख्याने कौशल्याचा खेळ, असे न्यायालय म्हणाले. रमीच्या कंपन्या गेली कित्येक वर्षे हाच निकाल ढालीसारखा पुढे करत आल्या. पण त्याच निकालपत्रात पुढे आणखी एक गोष्ट आहे. जागेचा किंवा क्लबाचा मालक पैसे लावून चाललेल्या रमीतून स्वतः नफा कमावत असल्याचा पुरावा आला, तर गुन्हा होऊ शकतो, असे न्यायमूर्तींनी नोंदवले. त्या क्लबात तसा पुरावा नव्हता, सभासदांकडून घेतलेली फी सोयीसुविधांपुरती होती, म्हणून ते सुटले.

माझे म्हणणे सारे इथे आहे. १९६७मध्ये दोन प्रश्न कागदावर होते. खेळात कौशल्य किती, हा एक. डावातला वाटा कोण नेतो, हा दुसरा. आपण साठ वर्षे पहिल्या प्रश्नावर वाद घातला आणि दुसरा विसरलो.

आता ज्या कंपनीचे नाव इथल्या प्रत्येक पोराला पाठ आहे तिच्याकडे येतो. ड्रीम इलेव्हन ही मुंबईची कंपनी. हर्ष जैन आणि भावित शेठ या दोन तरुणांनी ती २००८मध्ये काढली. आयपीएलही त्याच वर्षी सुरू झाली. सुरुवातीला खेळ फुकट होता, जाहिरातींवर भागेल अशी कल्पना होती. ते जमले नाही. २०१२च्या सुमारास त्यांनी पद्धत बदलली आणि प्रत्येक सामन्याची स्वतंत्र, फी भरून खेळायची स्पर्धा आणली. तिथून पुढे कंपनीची भरभराट झाली. २०१७मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने हा कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले. २०१८मध्ये महेंद्रसिंग धोनी जाहिरातीत आला. २०२०मध्ये २२२ कोटी रुपये मोजून कंपनी आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली. २०२१च्या अखेरीस तिच्या मूळ कंपनीचे मोल आठ अब्ज डॉलर धरले गेले. २०२३मध्ये तीन वर्षांसाठी ३५८ कोटींचा करार झाला आणि भारतीय संघाच्या छातीवर तिचे नाव आले.

हा खेळ न खेळलेल्या वडीलधाऱ्यांसाठी, २०२५पर्यंत तो पैशांवर कसा चाले ते थोडक्यात सांगतो. संध्याकाळी सामना असतो. दोन्ही संघांतून मिळून आपण आपले अकरा खेळाडू निवडायचे. प्रत्येक खेळाडूला किंमत, आणि एकूण शंभर क्रेडिटच्या आतच संघ बसवायचा. कर्णधार म्हणून निवडलेल्या खेळाडूचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. नाणेफेक झाली, प्रत्यक्ष संघ जाहीर झाले की सामना सुरू होईपर्यंत काही मिनिटे हातात असतात. त्या मिनिटांत बसस्टँडवर, पानाच्या दुकानासमोर, केळीच्या गाड्या भरून होण्याची वाट बघत बसलेल्या पोरांची बोटे कशी चालतात, ते तुम्ही पाहिले आहे. एकोणपन्नास रुपये भरायचे असत, पहिले बक्षीस कोटीत असे. सामना चालू असताना आपला क्रमांक दर चेंडूला वर-खाली होतो. शेवटच्या षटकात एक झेल सुटतो आणि हजारावा क्रमांक लाखावर जातो. पोरगा म्हणतो, थोडक्यात हुकले. हे 'थोडक्यात' त्याला उद्याच्या सामन्याकडे खेचून नेते.

यात कौशल्य आहे का? आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. खेळपट्टी वाचणारा, आकडेवारी मांडणारा, एकाच स्पर्धेत अनेक संघ उतरवणारा माणूस नवख्यापेक्षा जास्त वेळा जिंकतो. पण मग त्याचा अर्थ काय होतो, तेही बघा. निव्वळ नशिबाच्या खेळात नवख्याला आणि तरबेजाला समान संधी असते. कौशल्याच्या खेळात नवख्याचे हरणे जास्त पक्के असते. वकील ज्या गोष्टीला बचाव म्हणतात, ती आपल्या पोराच्या दृष्टीने जास्त मोठी धोक्याची सूचना आहे.

आता दहा रुपयांकडे परत येऊ. समजा आपल्या गावातले दोन मित्र, अगदी सारख्या अकलेचे, प्रत्येकी पाचशे रुपये घेऊन एकमेकांशी खेळतात. प्रत्येक डावात दोघे पन्नास-पन्नास भरतात. शंभर जमतात, जिंकणाऱ्याला अठ्ठ्याऐंशी मिळतात, बारा चालवणाऱ्याचे. हे प्रमाण मी उदाहरणासाठी धरले आहे, खेळाप्रमाणे ते कमी-जास्त असते. कधी हा जिंकतो, कधी तो. पंचाहत्तर डाव झाले की दोघांकडे मिळून किती उरले? पंचाहत्तर गुणिले बारा, नऊशे. एक हजारातले शंभर उरले. दोघांपैकी कोणी वाईट खेळला नाही. कोणी कोणाला फसवले नाही. सगळा व्यवहार कायदेशीर, पारदर्शक, पावतीसह. तरी नऊशे रुपये गावातून गेले. हे गणित पाचवीच्या मुलाला करता येते, आणि ते प्रत्येक शाळेत करून घ्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

२०२२-२३मध्ये ड्रीम इलेव्हनचे उत्पन्न सहा हजार कोटींच्या वर होते. नफा मात्र दोनशे कोटींच्या आत, कारण फार मोठी रक्कम जाहिरातींवर जात होती. नवा खेळाडू सतत आणावा लागतो, कारण जुना दमतो, हरतो, सोडून जातो. १ ऑक्टोबर २०२३पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागला. शंभर रुपये भरले की त्यातले जवळपास बावीस सरकारकडे, खेळ सुरू व्हायच्या आधीच. पुष्कळ कंपन्यांनी ते बोनस म्हणून परत दिल्यासारखे दाखवले, म्हणजे खेळणाऱ्याला ते टोचू नयेत. सरकारही डावातले वाटेकरी झाले, हे नागरिक म्हणून मला बोचते.

जाहिराती कोणी केल्या? ज्यांचे फोटो आपल्या मुलांनी भिंतीवर लावले त्यांनी. ऑगस्ट २०२३मध्ये तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी वांद्र्याला सचिन तेंडुलकर यांच्या घरासमोर ऑनलाइन खेळाच्या जाहिरातीविरुद्ध आंदोलन केले. भारतरत्न मिळालेल्या माणसाने ही जाहिरात करावी का, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल रास्त होता असे मला वाटते.

ड्रीम इलेव्हनबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ती उजेडातली कंपनी होती. कर भरत होती, ओळखपत्र तपासत होती, न्यायालयासमोर उभी राहत होती. तिच्या सावलीत जे वाढले ते फार भयंकर आहे. छत्तीसगडच्या भिलाईत ज्यूसचे दुकान चालवणारा सौरभ चंद्राकर आणि त्याचा साथीदार रवी उप्पल यांनी दुबईत बसून महादेव बुक नावाचे सट्ट्याचे जाळे उभे केले, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. त्याची रचना बघण्यासारखी आहे. मुख्य कार्यालय परदेशात, आणि भारतात गावोगावी 'पॅनेल'. पॅनेल घेणारा स्थानिक माणूस गिऱ्हाईक आणतो, पैसे घेतो-देतो. नफ्यातला सुमारे सत्तर टक्के वाटा वर, तीस टक्के पॅनेलवाल्याला. फेब्रुवारी २०२३मध्ये रास अल खैमा येथे झालेल्या चंद्राकरच्या लग्नावर दोनशे कोटी रोखीने उधळले, असे तपास यंत्रणेने सांगितले. नोव्हेंबर २०२३मध्ये सरकारने महादेव बुकचे अ‍ॅप बंद केले. त्याच वर्षी जुलैत नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात अठ्ठावन्न कोटी गमावल्याची तक्रार केली आणि गोंदियातल्या आरोपीच्या घरातून पोलिसांनी कोट्यवधींची रोकड आणि सोने जप्त केले. कोटींचे आकडे ऐकून हे आपल्यापासून लांबचे वाटेल. गोंदिया आपल्याच राज्यात आहे आणि भिलाई काही परदेशात नाही.

चमारबागवालांचा छापखाना बंगळुरूला होता, महादेव बुकवाल्यांचे कार्यालय दुबईला. शहाद्याहून खेतियाला पोहोचले की मध्य प्रदेश लागतो आणि आपल्या पोलिसांचे काम अवघड होते, हे इथल्या जुन्या माणसांना माहीत आहे. हद्द ओलांडून बसायचे आणि पैसा इकडून उचलायचा, ही या धंद्याची जुनी चाल आहे.

हे सट्ट्याचे जाळे आपल्यापर्यंत कसे येते? व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो. 'आयडी' हवी का, असे विचारतात. पाचशे रुपये पाठवा, आयडी आणि पासवर्ड मिळेल. पैसे ज्या खात्यावर पाठवायचे ते खाते आज एक, परवा दुसरे. त्या खात्याच्या नावाकडे नीट बघा. ते कंपनीचे नाव नसते. एखाद्या लांबच्या गावातल्या बाईचे, मजुराचे, कॉलेजातल्या मुलाचे नाव असते. ही भाड्याची खाती. 'पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला काही हजार मिळतील' असे सांगून ती घेतलेली असतात. पुढे कुठल्या तरी राज्यातल्या पोलिसांत तक्रार होते आणि खाते गोठवले जाते. त्याच खात्यात लाडक्या बहिणीचे पंधराशे येणार असतात, पीएम किसानचे दोन हजार येणार असतात, उसाचे बिल येणार असते. मूळ चालवणारा मजेत असतो, चौकशीची नोटीस मात्र गरिबाच्या दारात येते.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही; जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तो बळी आहे असे धरले आहे. पंचेचाळीस कोटी लोक दरवर्षी सुमारे वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या, जर्सीचा करार संपला, आणि सप्टेंबरातल्या आशिया चषकात भारतीय संघ प्रायोजकाच्या नावाशिवाय खेळला. कायद्याला कंपन्यांनी आव्हान दिले आणि निरनिराळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या.

या कायद्याने कौशल्याचा वाद बाजूला सारला आणि पैशावर बोट ठेवले, म्हणून मी त्याचे स्वागत करतो. पण त्याने उजेडातली दुकाने बंद झाली. अंधारातली आयडी आजही मिळते. आणि जो मुलगा ड्रीम इलेव्हनवर एकोणपन्नास रुपये लावत होता तो आता तिकडे वळेल, ही भीती खोटी नाही. तिथे ना पावती, ना तक्रारीला जागा.

आता आपल्या मातीची आठवण देतो. १९३०च्या दशकात याच सातपुड्याच्या पायथ्याशी गुलाम महाराजांनी आदिवासी बांधवांना दारू सोडायला सांगितले आणि हजारो लोकांनी ती सोडली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा तालुक्यात श्रमिक संघटनेच्या बायका गावोगावच्या दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या आणि त्यांनी मडकी फोडली. नवऱ्यांचा मार खाणाऱ्या, मजुरीवर जगणाऱ्या त्या बाया होत्या. त्यांना गुत्ता कुठे आहे ते माहीत होते. आजच्या आईला ते माहीत नाही, कारण पोरगा समोरच्या खाटेवर बसलेला असतो आणि अभ्यास करतोय की डाव खेळतोय, हे तिला दिसत नाही. म्हणून तिला दिसेल असे काहीतरी आपण करायला हवे.

ब्राह्मणपुरीच्या ग्रामसभेकडे माझी मागणी आहे. मोबाइलच्या खेळात बुडालेल्या मुलाने घरी सांगितले, तर त्याला मारहाण होणार नाही, आधी कर्ज किती आणि कोणाचे ते लिहून काढले जाईल, असे गावाने ठरवावे. पुष्कळ मुले हरल्यामुळे मरत नाहीत, सांगता न आल्यामुळे मरतात. बँकेतून निघालेले सहा महिन्यांचे खाते-उतारे घरातल्या बाईने वाचायला शिकावे, बचत गटाच्या बैठकीत हे शिकवता येईल. गावातल्या कोणत्याही माणसाने आपले खाते, कार्ड किंवा सिम कोणाला भाड्याने देऊ नये, आणि कोणी मागायला आला तर त्याचे नाव पोलीस पाटलांना सांगावे.

ग्रामपंचायतीच्या फलकावर आजच दोन नंबर लिहून घ्या. फसवणूक होऊन पैसे गेले तर १९३०, आणि तेही लगेच, पहिल्या काही तासांत, कारण पैसा पुढे सरकण्याआधी तो अडवता येतो. आणि मुलगा गप्प झाला असेल, झोपत नसेल, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.